अकरा वाक्यं

तिकडे सातला लागतो तो सोहळा
आमच्या मुहर्रकच्या लाँड्रीत साडेचारलाच सुरू होतो.
प्रत्यक्षात तो पंधरा दिवसांपूर्वीच होऊन गेलाय.
निकाल मला ठाऊक आहे.
भाच्यानं त्याच रात्री फोन केला,
"मामा, तुझ्या बाईला नाही मिळालं,"
आणि लगेच, गणपतीला येतोस ना?

तरी मी अलवीकाशी सौदा केला.
आजचे सगळे तोब माझ्याकडे,
त्यानं बातम्या उद्या बघायच्या.

टीव्ही वरच्या फळीवर, लटकवलेल्या कपड्यांच्या मागे.
पंख्याच्या वाऱ्यानं प्लास्टिकची पिशवी सरकली
की नायकाचं अर्धं तोंड झाकलं जातं.
मी इस्त्रीवाला, मला आधी चुण्या दिसतात.
निवेदकाचा कोट भाड्याचा आहे,
खांद्यावर हँगरचं टोक उमटलंय.
त्या म्हाताऱ्या नटाच्या झब्ब्याला मात्र घरची खळ.
कुणीतरी अजून भाताची पेज गाळतं त्याच्यासाठी.

नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा:
तिन्ही बक्षिसं एका जाहिरातीच्या आधी पळवली,
नावंसुद्धा धड वाचू दिली नाहीत.
मी एक शिवी हासडली.
अलवीकाला मराठी येत नाही. शिवी समजली.

कालिंदी आरोंदेकर.
वेंगुर्ल्याला, शाळेच्या पटांगणात, कापडी मंडपात
पाहिली मी तिला. मोलकरणीचं काम,
सगळी मिळून अकरा वाक्यं.
सातव्या वाक्याला वीज गेली.
मोठे मोठे नट विंगेकडे बघत राहिले
आणि ही अंधारात केर काढत राहिली.
केरसुणीचा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत, सर्र, सर्र,
मग आठवं वाक्य, आवाज जराही न चढवता:
"बाई, दूध उतू गेलं."
मी मागे बांबूला टेकून उभा होतो.
मला करपल्याचा वास आला.

त्या तिकिटाचा अर्धा तुकडा
माझ्या सीपीआरच्या पाठीमागे आहे, एकोणीस वर्षं.
शाई उडाली. कागद आहे.

आता पाच चौकटी, पाच बायका.
तिचं हे सातवं नामांकन.
जांभळी साडी, नेसली आहे चापूनचोपून,
पण मांडीवरच्या निऱ्या पार चुरगळल्या आहेत.
तीन तास एकाच खुर्चीत. पाणी प्यायलासुद्धा उठली नसेल.
तिथे असतो तर दोन मिनिटांत,
नुसत्या वाफेवर, सरळ केल्या असत्या.

पाकीट फोडणार, एवढ्यात
समोरच्या मशिदीतून इशाची अजान.
अलवीका उठतो, टीव्हीचा आवाज बंद करतो.
दुकानाचा नियमच आहे तो.
मीही इस्त्री उभी करून ठेवतो.

पाकीट उघडतं. ओठ हलतात.
मला माहीत आहे सगळं, पण अजून ऐकू आलेलं नाही.
चारशेवा प्रयोग असला
तरी पत्र वाचण्याआधी नट थांबतोच,
आणि मागे बांबूपाशी कुणाला तरी वाटतंच
की आज त्यात दुसरं काही लिहिलेलं असेल.

उठते ती दुसरीच.
कालिंदीबाई टाळ्या वाजवतात,
घाईनं नाही, उशिरानंही नाही.
हसू डोळ्यांपर्यंत नेतात आणि तिथे ठेवतात.
कॅमेरा दुसरीकडे वळला,
तरी कोपऱ्यात त्यांची अर्धी चौकट उरली होती,
मी नीट पाहिलं: ठेवलेलंच होतं.

अजान संपते. आवाज परत येतो, सगळा एकदम.
"तुम्हारावाला को मिला?" अलवीका विचारतो.
मी म्हणतो, नाही,
पण टाळ्या काय वाजवल्यान बाईनी!

तो माझ्याकडे बघतो, मग घड्याळाकडे.
बावीस तोब राहिलेत.
एका घुत्र्याची मधली घडी बोटभर सरकली होती.
पाणी मारून
पुन्हा पहिल्यापासून घेतला.